फाळणीला नकार देणारा धर्मपंडित

१९२१ च्या शरद ऋतूत कराचीच्या खालिकदिना हॉलमध्ये एक खटला चालला. आरोपी सात होते. मौलाना महंमद अली आणि शौकत अली हे बंधू त्यावेळी साऱ्या देशाला ठाऊक होते. अमृतसरचे डॉ. सैफुद्दीन किचलू होते. सिंधचे पीर गुलाम मुजद्दिद आणि मौलाना निसार अहमद होते. सहावे आरोपी शारदापीठाचे शंकराचार्य भारती कृष्णतीर्थ. वैदिक गणिताच्या पुस्तकामुळे आज घराघरांत ज्यांचे नाव पोहोचले आहे, तेच हे शंकराचार्य. खिलाफत चळवळीच्या व्यासपीठावरून ते राजद्रोहाच्या खटल्यात कसे आले, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सातव्या आरोपीचे नाव होते मौलाना हुसेन अहमद मदनी. जुलैमध्ये कराचीतच भरलेल्या खिलाफत परिषदेत ब्रिटिश सैन्यात नोकरी करणे, भरती होणे किंवा इतरांना भरती करणे हे मुसलमानांसाठी धर्मदृष्ट्या निषिद्ध असल्याचा ठराव झाला होता आणि त्या ठरावामागे मदनींच्या धर्मशास्त्रीय अधिकाराचे बळ होते. १ नोव्हेंबर १९२१ रोजी निकाल लागला. शंकराचार्य सुटले आणि उरलेल्या सहा जणांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

अली बंधूंविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. मदनींविषयी मात्र फारसे नाही. भारताच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आपल्याकडील इतिहासात मुसलमान नेते म्हटले की एका बाजूला जीना आणि दुसऱ्या बाजूला मौलाना आझाद अशी जोडी उभी राहते. दोघेही आधुनिक राजकारणाच्या परिभाषेत बोलणारे, म्हणून आपल्याला ओळखीचे. मदनींचे जग वेगळे होते. ते मदरशाचे, हदीसच्या पाठाचे, सूफी परंपरेतील गुरुशिष्य संबंधांचे जग होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि विलायती शिक्षणाचा वाराही त्यांना लागला नव्हता. तरीही देशाच्या फाळणीला त्यांनी केलेला विरोध अनेक आधुनिकांच्या विरोधापेक्षा अधिक चिवट होता. हे कोडे सोडवायचे तर त्यांच्या आयुष्याकडे जरा सावकाश पाहावे लागते.

हुसेन अहमद यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८७९ रोजी उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ या गावी झाला. घराणे मूळचे फैजाबाद जिल्ह्यातील टांड्याचे, सय्यदांचे. वडील सय्यद हबीबुल्लाह शाळामास्तर होते आणि नोकरीनिमित्त बांगरमऊला राहात होते. एकेकाळची जमीनजुमल्याची सुबत्ता ओसरली होती, पण घरातील धार्मिक शिस्त कडक होती. वयाच्या तेराव्या वर्षी, १८९२ च्या सुमारास, थोरल्या भावांच्या पाठोपाठ हुसेन अहमद यांनाही देवबंदला पाठवण्यात आले.

देवबंदचे दारुल उलूम १८६६ मध्ये स्थापन झाले. १८५७ च्या पराभवानंतर दिल्लीतील विद्येची जुनी घराणी उद्ध्वस्त झाली होती. राजाश्रय गेला होता आणि नव्या राजाचा आश्रय नको होता. मौलाना महंमद कासिम नानौतवी आणि रशीद अहमद गंगोही या मंडळींनी त्यावर काढलेला मार्ग साधा होता. सरकारी अनुदान घ्यायचे नाही, कोणा एका नबाबाच्या मर्जीवर विसंबायचे नाही. गावोगावच्या सामान्य मुसलमानांच्या लहानसहान वर्गण्यांवर विद्यालय चालवायचे. अभ्यासक्रम जुनाच राहिला, हदीसवर भर मात्र वाढला. वर्ग, परीक्षा, ग्रंथालय, वार्षिक समारंभ ही व्यवस्था आधुनिक शाळेसारखी होती. या विद्यालयाचा पहिला विद्यार्थी म्हणून ज्यांचे नाव सांगितले जाते, ते महमूद हसन पुढे तेथील मुख्य अध्यापक झाले आणि त्यांच्याच हाताखाली हुसेन अहमद घडले. हे नाते पुढे त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवणारे ठरले. अध्यात्ममार्गात त्यांनी रशीद अहमद गंगोही यांचे शिष्यत्व पत्करले.

१८९९ मध्ये वडिलांनी सारे कुटुंब घेऊन मदिनेला जाऊन राहण्याचा निर्णय घेतला. पैगंबरांच्या नगरीत देह ठेवावा ही त्यांची इच्छा होती. वीस वर्षांचे हुसेन अहमद त्यांच्यासोबत गेले. याच मुक्कामामुळे त्यांच्या नावापुढे ‘मदनी’, म्हणजे मदिनेचा, हे बिरुद लागले. भक्तीने केलेल्या या स्थलांतरात पोटाची सोय मात्र नव्हती. हिंदुस्थानातून नेलेली पुंजी लवकरच संपली. छोटेसे दुकान काढून पाहिले. हुसेन अहमद मजुरी घेऊन हस्तलिखितांच्या नकला करू लागले. मसुराच्या पातळ आमटीवर सारे कुटुंब दिवस काढी, असे त्या काळाचे वर्णन त्यांनी आपल्या आत्मचरित्रात केले आहे. याच काळात मशिदे नबवीत, पैगंबरांच्या मशिदीत, त्यांनी हदीसचे पाठ द्यायला सुरुवात केली. त्याचे वेतन त्यांनी घेतले नाही. पहिली काही वर्षे अवघड गेली, कारण अरबांना त्यांच्याच भाषेत त्यांचेच शास्त्र शिकवणारा हा हिंदुस्थानी तरुण कोण, असा प्रश्न तेथील जुन्या मंडळींना पडणे स्वाभाविक होते. हळूहळू त्यांच्याभोवतीचे वर्तुळ वाढले. अधूनमधून ते हिंदुस्थानात येत, पण १९१६ पर्यंत त्यांचे खरे घर मदिनेतच होते. हा माणूस तसाच तेथे राहिला असता तर एक नामांकित मुहद्दिस, म्हणजे हदीसचा जाणकार, एवढीच त्यांची नोंद झाली असती. त्यांना राजकारणात आणले ते त्यांच्या गुरूने आणि पहिल्या महायुद्धाने.

महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले. देवबंदमध्ये महमूद हसन यांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध काही बेत आखले होते. त्यांचे शिष्य उबैदुल्लाह सिंधी काबूलला गेले आणि महमूद हसन स्वतः १९१५ मध्ये मुंबईहून जहाजाने हेजाझला निघाले. तेथे त्यांनी तुर्की अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या. मदिनेत अन्वर पाशा आणि जमाल पाशा यांची त्यांची भेट झाली, तेव्हा मदनी गुरूच्या सोबत होते. काबूलहून रेशमी कापडावर लिहून पाठवलेली पत्रे १९१६ च्या ऑगस्टमध्ये पंजाबच्या पोलिसांच्या हाती लागली आणि इतिहासात ‘रेशमी पत्रांचा कट’ या नावाने प्रसिद्ध झालेले हे प्रकरण उघडकीस आले. बेत धाडसी होता आणि खरे सांगायचे तर बराचसा स्वप्नाळूही होता. अफगाणिस्तानच्या अमिराचे मन, तुर्कांचे सामर्थ्य आणि हिंदुस्थानातील परिस्थिती यांविषयीचे त्यामागचे अंदाज वास्तवाला धरून नव्हते.

त्याच वर्षी जूनमध्ये मक्केच्या शरीफ हुसेनने ब्रिटिशांच्या मदतीने तुर्कांविरुद्ध बंड केले. तुर्कांच्या विरोधात एका निवेदनावर उलेमांच्या सह्या घेण्यात येत होत्या. महमूद हसन यांनी सही नाकारली. त्यांना पकडून ब्रिटिशांच्या हवाली करण्यात आले. मदनींवर वेगळा आरोप ठेवण्यासारखे फारसे काही नव्हते, पण वृद्ध गुरूला एकटे जाऊ देणे त्यांना मान्य नव्हते. गुरू, शिष्य आणि त्यांचे तीन सहकारी जेद्दाहून इजिप्तला गेले. तेथे त्यांची उलटतपासणी झाली. फाशीच होणार अशी त्यांची अटकळ होती. शेवटी १९१७ च्या फेब्रुवारीत त्यांना भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर युद्धकैदी म्हणून नेण्यात आले.

माल्टाच्या छावणीत जर्मन, ऑस्ट्रियन, तुर्क असे नाना देशांचे कैदी होते. या गर्दीत हे पाच हिंदुस्थानी. मदनी तेथे गुरूची सेवा करीत. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या वुजूसाठी गुरूला कोमट पाणी मिळावे म्हणून ते रात्रभर पाण्याचे भांडे पोटाशी धरून बसत, अशी कथा देवबंदच्या परंपरेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिची शब्दशः खातरजमा कशी करणार? पण त्या नात्याचा सूर तिच्यातून कळतो. महमूद हसन यांनी कुराणाच्या उर्दू भाषांतराचे काम तेथे तडीस नेले आणि मदनींनी पस्तिशी उलटल्यावर संपूर्ण कुराण मुखोद्गत केले. सोबतच्या हकीम नुसरत हुसेन यांचा छावणीतच मृत्यू झाला. मदिनेतील घराची तर वाताहतच झाली. तुर्कांनी मदनींच्या वृद्ध वडिलांना मदिनेतून हलवून एद्रिने येथे नेऊन ठेवले आणि मदिनेत देह ठेवण्याच्या इच्छेने घर सोडलेला तो माणूस परक्या गावी वारला. कुटुंबातील मृत्यूंच्या बातम्या एकामागून एक छावणीत येत राहिल्या. ज्या तुर्कांच्या खिलाफतीसाठी मुलगा ब्रिटिशांच्या कैदेत होता, त्याच तुर्कांनी बापाला हद्दपार केले होते. यावर मदनींनी कधी कडवटपणा दाखवला नाही. मात्र पुढे परदेशी सत्तांवर भरवसा ठेवण्याचे राजकारण त्यांनी सोडून दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

८ जून १९२० रोजी सुटका झालेले कैदी मुंबई बंदरात उतरले. तोवर देश बदलला होता. जालियनवाला बाग घडून गेली होती, उलेमांची जमियत उल उलेमा ही संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली होती आणि खिलाफत चळवळ भरात होती. मुंबईत खिलाफत समितीने त्यांचे जंगी स्वागत केले. महमूद हसन यांना ‘शेखुल हिंद’ ही पदवी मिळाली. गांधीजी त्यांना येथेच भेटले. सशस्त्र उठावाच्या बेतासाठी साडेतीन वर्षे बंदिवास भोगून आलेल्या या वृद्ध पंडिताने अहिंसक असहकाराला पाठिंबा द्यावा, हा बदल लहान नव्हता. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला दिल्लीत डॉ. अन्सारी यांच्या घरी त्यांचे निधन झाले. माल्टाच्या कैदेत क्षणभर दूर न झालेला शिष्य नेमका त्यावेळी जवळ नव्हता. गुरूच्याच आज्ञेने मदनी कलकत्त्याच्या मदरशात शिकवण्यासाठी निघाले होते.

मदिनेला परतण्याचा विचार मागे पडला. कराचीचा खटला आणि शिक्षा झाली. काही काळ साबरमतीच्या तुरुंगात काढला. सुटकेनंतर १९२३ मध्ये काकिनाडा येथे जमियतच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्यानंतरची काही वर्षे ते आसामातील सिल्हेटमध्ये हदीस शिकवीत राहिले. पावसाळ्यात नावेतून खेडोपाडी हिंडणे, प्रवचने, दीक्षा यांतून त्या भागात त्यांचा मोठा शिष्यवर्ग उभा राहिला. नंतरही कित्येक वर्षे रमजानचा महिना ते सिल्हेटमध्येच काढीत. त्या मातीशी जडलेले हे नाते पुढे त्यांना फार दुःख देणार होते.

१९२७-२८ च्या सुमारास देवबंदमध्ये अंतर्गत कलह माजला. प्रख्यात विद्वान अन्वर शाह काश्मिरी आणि त्यांचे सहकारी विद्यालय सोडून गुजरातेतील डाभेलला गेले. रिकाम्या झालेल्या मुख्य अध्यापकपदासाठी मदनींना बोलावण्यात आले. राजकीय कामाला मुभा असावी, ही त्यांची अट होती आणि गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापून घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढची तीस वर्षे, मृत्यूपर्यंत, ते या पदावर राहिले. बुखारी आणि तिर्मिझी या हदीससंग्रहांचे त्यांचे पाठ रात्री उशिरापर्यंत चालत. दौऱ्यावरून रात्रीच्या गाडीने आले तरी विद्यार्थ्यांना वर्गात बोलावले जाई. त्यांच्या हाताखालून हजारो विद्यार्थी गेले आणि उपखंडातील मदरशांत पसरले. घरी पाहुण्यांची रीघ असे. अंगावर जाडीभरडी खादी असे आणि त्या बाबतीत ते इतके हट्टी होते, की कफन खादीचे नसेल तर अंत्यविधीची नमाज पढवायला नकार देत.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेल्या प्रसंगाकडे वळू. १९३८ च्या जानेवारीत दिल्लीतील एका सभेत त्यांनी असे प्रतिपादन केले, की आजच्या युगात राष्ट्रे वतनावरून, म्हणजे देशावरून, ठरतात; वंश किंवा धर्म यांवरून ठरत नाहीत. परदेशात हिंदुस्थानचा माणूस हिंदू आहे की मुसलमान हे कोणी पाहात नाही, त्याला हिंदुस्थानी म्हणूनच ओळखतात आणि गुलामीची बेअब्रूही सगळ्यांच्या वाट्याला सारखीच येते, हा त्यामागचा आशय होता. काही उर्दू पत्रांनी हे भाषण विपर्यास करून छापले. मुसलमानांनी धर्माऐवजी देशाला आपल्या अस्तित्वाचा पाया मानावा, असा उपदेश मदनींनी केल्याचे चित्र निर्माण झाले. लाहोरमध्ये मरणशय्येवर असलेले कवी महंमद इक्बाल यामुळे व्यथित झाले आणि त्यांनी फारसीतील तीन शेरांतून मदनींवर जिव्हारी लागेल असा हल्ला चढवला. ते शेर वाऱ्यासारखे पसरले.

इक्बाल यांची चिंता उथळ नव्हती. देशाला देव मानणाऱ्या राष्ट्रवादाने युरोपात काय केले, हे त्यांनी पाहिले होते. तो राष्ट्रवाद इस्लामी बंधुत्वाला गिळून टाकील, ही त्यांची भीती होती. तालूत या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका विद्वानाने दोघांमध्ये पत्रव्यवहार घडवून आणला. आपण प्रचलित वस्तुस्थिती सांगितली, उपदेश केला नाही, असा खुलासा मदनींनी केला. इक्बाल यांनी तो मान्य करून मार्चअखेर वृत्तपत्रात तसे जाहीर केले आणि वाद मिटल्याचे म्हटले. २१ एप्रिलला ते निवर्तले. पुढे नोव्हेंबरात त्यांचा अखेरचा संग्रह निघाला, तेव्हा मात्र ते तीन शेर त्यात होते. खुलासा विस्मृतीत गेला आणि शेर लोकांच्या ओठांवर राहिले. मुस्लिम लीगच्या सभांतून ते पुढची नऊ वर्षे मदनींच्या तोंडावर फेकले जात होते.

या वादातून मदनींनी ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ हे लहानसे पुस्तक लिहिले. त्यातील मांडणी पूर्णपणे धर्मशास्त्राच्या आधाराने केलेली आहे. ‘कौम’ आणि ‘मिल्लत’ हे दोन शब्द लोक एकच समजतात, ही चूक आहे, असे ते दाखवतात. कुराणात पैगंबर आपल्याला न मानणाऱ्या लोकांनाही आपली कौम म्हणून हाक मारतात. म्हणजे कौम होण्यासाठी धर्म एक असण्याची गरज नाही. मिल्लत मात्र धर्माने बांधलेली असते. दुसरा आधार मदिनेच्या कराराचा आहे. पैगंबरांनी मदिनेत आल्यावर तेथील मुसलमान आणि ज्यू यांना एका राजकीय समुदायात बांधले, प्रत्येकाचा धर्म ज्याचा त्याच्याकडे ठेवला आणि नगरीच्या संरक्षणाची जबाबदारी सर्वांवर टाकली. हाच नमुना हिंदुस्थानात लागू पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या नगरीत सतरा वर्षे राहून त्यांनी हदीस शिकवली, तिचाच दाखला त्यांनी हिंदू-मुसलमानांच्या संयुक्त राष्ट्रासाठी द्यावा, यात एक संगती आहे.

मात्र या संयुक्त राष्ट्रवादाला मर्यादा होत्या. मदनींना अभिप्रेत असलेला देश हा परस्परांत मिसळून गेलेल्या व्यक्तींचा समाज नव्हता. आपापला धर्म, कायदा, शिक्षण आणि रीतिरिवाज सांभाळणाऱ्या समुदायांनी केलेला तो एक करार होता. मुस्लिम व्यक्तिगत कायद्याला हात लागणार नाही, हे त्यात गृहीत होते. सामाजिक बाबतीत ते सनातनीच होते. १९३८-३९ मध्ये लखनौत सुन्नी आणि शिया यांच्यात खलिफांच्या स्तुतीच्या मिरवणुकांवरून जे आंदोलन पेटले, त्यात ते सुन्नींच्या बाजूने उतरले. हिंदूंशी एका राष्ट्रात नांदण्याचे शास्त्र सांगणाऱ्या पंडिताने शियांशी असलेल्या तंट्यात पुढाकार घ्यावा, ही विसंगती त्यांच्या चरित्रकारांना झाकता आलेली नाही. मराठीत हमीद दलवाई आणि नरहर कुरुंदकर यांनी राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या उलेमांची जी कठोर चिकित्सा केली, तिचा रोख याच मुद्द्यावर होता. धर्माच्या आधाराने आलेली एकता नागरिकत्वाच्या पायावर कितपत टिकेल, हा त्यांचा प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही. पण प्रस्तुत लेखकाला वाटते, की १९४० च्या दशकात सामान्य श्रद्धाळू मुसलमानाला फाळणीविरुद्ध त्याच्याच भाषेत पटवू शकणारे लोक मोजकेच होते आणि त्यांत मदनी अग्रभागी होते. ही गोष्टही त्या चिकित्सेच्या पारड्यात पडली पाहिजे.

१९३७ च्या निवडणुकीत त्यांनी लीगला साथ दिली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. लीग स्वातंत्र्याच्या बाजूने उभी राहील अशी त्यांची समजूत होती. निवडणुकीनंतर ती फोल ठरली आणि ते दूर झाले. १९४० मध्ये जौनपूरच्या अधिवेशनात ते जमियतचे अध्यक्ष झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. युद्धकाळातील भाषणाबद्दल १९४२ च्या जूनमध्ये, म्हणजे ‘भारत छोडो’ ठरावाच्याही आधी, त्यांना अटक झाली. मुरादाबाद आणि नैनीच्या तुरुंगातून ते १९४४ मध्ये बाहेर आले. त्यावेळी ते पासष्टीच्या उंबरठ्यावर होते.

फाळणीला पर्याय म्हणून जमियतने एक योजना मांडली होती. ‘मदनी सूत्र’ म्हणून ती ओळखली जाते. प्रांत स्वायत्त असावेत, केंद्राकडे प्रांतांनी एकमताने दिलेले मोजकेच अधिकार असावेत, केंद्रीय सभागृहात हिंदू ४५, मुसलमान ४५ आणि इतर अल्पसंख्य १० अशी वाटणी असावी, असा तिचा गाभा होता. काँग्रेसला हे प्रमाण पटण्यासारखे नव्हते आणि लीगला तर पाकिस्तानखेरीज काही नकोच होते. कॅबिनेट मिशनसमोरही जमियतने आपली बाजू मांडली, पण वाटाघाटींच्या मेजावर तिच्या शब्दाला वजन उरले नव्हते.

त्याचे कारण १९४५-४६ च्या निवडणुका. उत्तर हिंदुस्थानात मदनींनी अखंड दौरे केले. लीगचे कार्यकर्ते आणि विद्यार्थी रेल्वे स्थानकांवर काळे झेंडे घेऊन उभे असत. बंगाल आणि बिहारमध्ये त्यांच्यावर हल्ले झाले, त्यांची विटंबना झाली. बुखारी शिकवणाऱ्या, सय्यद कुळातील वृद्ध गुरूवर हात टाकणारे तरुण इस्लामच्या नावाने घोषणा देत होते, यावरून त्या दिवसांच्या उन्मादाची कल्पना येते. देवबंदचे घरही दुभंगले होते. त्यांचेच सहकारी शब्बीर अहमद उस्मानी यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानचा पुरस्कार करणारी उलेमांची नवी संघटना १९४५ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाली होती. केंद्रीय विधिमंडळातील मुसलमानांसाठी राखीव असलेल्या तीसही जागा लीगने जिंकल्या. मतदानाचा हक्क त्यावेळी मालमत्ता, कर किंवा शिक्षण असलेल्यांनाच होता. जमियतचा पाठिंबा प्रामुख्याने विणकर, कारागीर, गरीब शेतकरी या वर्गात होता आणि त्यांतील बहुतेकांना मतच नव्हते. पराभवाची ही एकमेव कारणमीमांसा नव्हे, पण ती दृष्टिआड करता येत नाही.

१९४७ च्या जूनमध्ये काँग्रेस महासमितीने फाळणी मान्य केली, तेव्हा विरोधात बोलणाऱ्यांत जमियतचे मौलाना हिफ्जुर्रहमान होते. ज्या पक्षासाठी यांनी स्वकीयांच्या शिव्या खाल्ल्या, त्याच पक्षाने त्यांच्या डोळ्यांदेखत माघार घेतली. पुढच्याच महिन्यात ६ आणि ७ जुलैला सिल्हेटमध्ये सार्वमत झाले. मदनींचे शिष्य तेथे आसामात, म्हणजेच भारतात, राहण्याच्या बाजूने प्रचार करीत होते. २,३९,६१९ मते पूर्व बंगालच्या बाजूने पडली आणि १,८४,०४१ आसामच्या बाजूने. सिल्हेटचा बहुतांश भाग पाकिस्तानात गेला आणि जेथे ते दरवर्षी रमजान करीत, ती जमीन परदेश झाली.

पंजाब पेटला, तेव्हा सहारनपूर आणि मुजफ्फरनगर हे जिल्हे ऐन सीमेवरचे झाले. निर्वासितांचे लोंढे येत होते, मुसलमान घरेदारे सोडून निघण्याच्या तयारीत होते. देवबंदही रिकामे होते की काय, अशी वेळ आली. मदनी, हदीसचे विद्वान महंमद झकरिया कांधलवी आणि सूफी संत अब्दुल कादिर रायपुरी हे तिघे एकत्र बसले आणि त्यांनी तेथेच राहण्याचा निर्णय घेतला. हे तिघे हलणार नाहीत ही बातमी पसरली आणि हजारोंनी बांधलेल्या गाठोड्या सोडल्या. मदनी गावोगाव हिंडून लोकांना धीर देत होते, अधिकाऱ्यांकडे खेपा घालत होते. त्यांच्या सबंध आयुष्यात सर्वाधिक परिणामकारक काम कोणते, असे विचारले तर या काही महिन्यांकडे बोट दाखवावे लागेल. पश्चिम उत्तर प्रदेशातील मुसलमान वस्ती त्यामुळे टिकली.

स्वातंत्र्यानंतर जमियतने १९४८ मध्ये निवडणुकीच्या राजकारणातून अंग काढून घेतले आणि धार्मिक, शैक्षणिक, सामाजिक कामापुरते स्वतःला मर्यादित केले. मदनींनीही सत्तेच्या जवळ जाण्याचा प्रयत्न केला नाही. १९५४ मध्ये पद्म पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या पद्मभूषणच्या यादीत त्यांचे नाव होते. त्यांनी तो सन्मान स्वीकारला नाही. सरकारी मानमरातबापासून दूर राहण्याची देवबंदच्या संस्थापकांची रीत त्यांनी स्वराज्याच्या सरकारबाबतही पाळली. याच काळात त्यांचे ‘नक्शे हयात’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात स्वतःविषयी कमी आणि ब्रिटिश राजवटीने हिंदुस्थानची केलेली आर्थिक लूट, दुष्काळ, बुडालेले उद्योग यांविषयी जास्त मजकूर आहे. पानेच्या पाने आकडेवारीने भरलेली आहेत. आत्मचरित्र म्हणून वाचायला घेणाऱ्याची थोडी निराशा होते, पण आपल्या आयुष्याचा अर्थ ते कशात पाहात होते, हे त्यातून नेमके समजते.

अखेरच्या वर्षांत हृदयविकाराने त्यांना ग्रासले. तरीही पाठ चालूच होते. ५ डिसेंबर १९५७ रोजी देवबंद येथे त्यांचे निधन झाले. ज्यांच्यासोबत दहा वर्षांपूर्वी देश न सोडण्याचा निर्णय घेतला होता, त्या झकरिया कांधलवी यांनी अंत्यविधीची नमाज पढवली. त्यांचे थोरले पुत्र असद मदनी पुढे जमियतचे अध्यक्ष आणि राज्यसभेचे सदस्य झाले. २००६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर दोन वर्षांत जमियतचीच फाळणी झाली आणि दोन्ही गटांचे नेतृत्व याच घराण्यात राहिले. हुसेन अहमद यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर २००५ मध्ये निघाले आणि २०१२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

देवबंदच्या कासमी कब्रस्तानात नानौतवी आणि महमूद हसन यांच्या कबरी आहेत. मदनींना तेथेच, गुरूच्या शेजारी दफन करण्यात आले.